कलमांच्या टोप्या

"ठेव ती सुरी खाली! माझ्या देखत एकाही काडीला हात लावायचा नाही तू!"

सासूचा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटला आणि कामाला बसलेल्या सगळ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. थोरलीनं वर पाहिलं. तिच्या एका हातात लिंबाचा खुंट होता, मधोमध चिरलेला, आणि दुसऱ्या हातात पाचरीसारखी तासलेली काडी. काडी चिरेत बसवायची, पट्टीनं घट्ट आवळायची, वर प्लॅस्टिकची टोपी चढवायची आणि कलम जाळीच्या सावलीत नेऊन ठेवायचं, हे काम ती लग्न होऊन या घरात आल्यापासून करत होती. चीर उघडी राहिली की वाळते, म्हणून ती आधी काडी बसवायला गेली. सासूनं ती तिच्या बोटांतून ओढून घेतली.

"काय झालं, आई?"

"मलाच विचार काय झालं! सकाळी नळामागं जाऊन कोण ओकत होतं? काल कोण ओकत होतं?"

"अहो, पित्त झालं असेल," धाकटी जाऊ मध्ये पडली.

"हो, पित्त! आता तुझ्या जावेच्या पित्तासाठी पाळणा बांधायला घे. मी काय आंधळी आहे? माझ्या मुलानं नस बांधून घेतलीय, साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. मग हे आलं कुठून? वाऱ्यावरून?"

बाहेर माती चाळणाऱ्यांच्या चाळणीचा आवाज तेवढा येत होता. मग बायकांनी माना खाली घातल्या आणि नको तितक्या जोरात पट्ट्या आवळायला सुरुवात केली. थोरलीला वाटलं, कुणीतरी बोलेल. माझ्याकडे बघून एक तरी म्हणेल की ही तसली नाही. कुणी बोललं नाही. पोटात आहे हे तिलाही गेले काही दिवस कळलं होतं, आणि ती स्वतःच रोज स्वतःला विचारत होती, हे आलं कुठून?

आता ते ऑपरेशन काय होतं ते सांगायला हवं.

मजुरांच्या खोल्या रोपवाटिकेच्या कुंपणाला लागूनच होत्या. एका ओळीत, भिंतीला भिंत, वर पत्रा. एका खोलीत कुणी शिंकलं की तिसऱ्या खोलीतून "तोंडावर हात धरा जरा" असं ऐकू यायचं. नर्सबाई या वस्तीत कित्येक वर्षं येत होती. खांद्याला बॅग, धुळीनं पांढऱ्या पडलेल्या चपला. रोपांचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसायची आणि बायकांशी बोलायची. बायकांना फार समजवावं लागतच नव्हतं. दोन पोरांत अंतर हवं, पुरे झाली की थांबवायला हवं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण दवाखाना लांब, गेलं की दिवसाची मजुरी गेली, पोरं कुणाकडे ठेवायची, आणि सोबत यायला नवऱ्याला वेळ कुठला? म्हणून नर्सबाईनं दवाखान्याच्या साहेबांशी भांडून भांडून शिबिराची गाडी थेट रोपवाटिकेच्या फाटकाशी आणवली होती. गाडी यायची, बायका चढायच्या, संध्याकाळी पोट धरून उतरायच्या. पुरुष एकही नाही. पुरुष फाटकाशी उभे राहून "नीट जा हं" म्हणायचे.

थोरली त्या गाडीत दोनदा बसली आणि दोन्ही वेळा जशीच्या तशी परत आली. अंगात रक्त नाही, डॉक्टर म्हणाले, टेबलावर घेणार नाही. चौथ्या बाळंतपणात ती वाचली तेच नवल होतं. त्यानंतर नर्सबाईनं तिच्या नवऱ्याला गाठून तोंडावर सांगितलं, "पुन्हा दिवस गेले तर ही राहील याची मी खात्री देत नाही. तिला जमत नाही ना, मग तू ये. तुझं काम चहा थंड व्हायच्या आत उरकतं."

तिच्या नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. त्यानं बांधलेलं कलम सहसा मरत नसे आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. छाती काढून चालायचा. असा माणूस गाडीत चढेल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण तो चढला. बायकांनी भरलेल्या गाडीत एकटा पुरुष, खिडकीबाहेर बघत बसलेला. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. फाटकावरच्या लोकांनी त्याची काय कमी टर उडवली? "उस्ताद, शेंडा खुडून येणार म्हणे!" "उस्ताद, परत आल्यावर चुडे भरा!" त्यानं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. आठवड्याभरात मातीची पोती उचलायला लागला तेव्हा मात्र टर उडवणाऱ्यांची तोंडं बंद झाली. धाकटा दीर तर दादाकडे बघून म्हणाला, "हे एवढंच असेल तर पुढच्या शिबिराला मीपण जातो." त्याचं बघून आणखी दोघा-तिघांनी नर्सबाईला होकार दिला.

त्या दिवशी धाकटी धावत थोरलीच्या खोलीत आली आणि तिच्या गळ्यातच पडली. धाकटीची दोन्ही बाळंतपणं पोट फाडून झाली होती. तिसरं नको, टाके उसवतील, असं तिला मोठ्या दवाखान्यात बजावलेलं होतं, आणि तीही थोरलीसारखीच रक्त नाही म्हणून शिबिरातून परत आलेली. "ताई, तुझ्या नवऱ्यानं माझा जीव वाचवला गं," ती म्हणाली.

उस्तादनं घरी आल्यावर बायकोला एकच वाक्य सांगितलं होतं. "झालं काम. आता तू बिनघोर राहा." थोरली त्या वाक्याच्या भरवशावर राहिली.

आणि आता चार महिने उलटल्यावर ती ओकत होती.

दुपारी खोलीत सासूनं मुलाला समोर बसवलं. "विचार तिला. तू नवरा आहेस, तू विचार."

उस्ताद भिंतीकडे बघत म्हणाला, "काय विचारू?"

"कुणाचं आहे ते विचार! तो मातीचा ट्रॅक्टरवाला मागे हिला ट्रॉलीत बसवून घेऊन आला होता की नाही?"

"पोरगी तापानं फणफणली होती आई. दवाखान्यातून येत होते. तुम्हीच म्हणालात, बरं झालं गाडी मिळाली."

"तेव्हा मला काय माहीत होतं!"

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी बोला. माझ्यावर विश्वास आहे ना तुमचा?"

"आहे की," तो पुटपुटला. "पण आईला समजत नाही तर मी काय करू?" असं म्हणून तो सुरीला धार लावायला बाहेर निघून गेला. सुरीला सकाळीच धार लावली होती.

नर्सबाई आली ती धाकटीनं निरोप धाडला म्हणून. नळामागं, जिथं थोरली ओकत असे, तिथंच दोघी बोलल्या. थोरली म्हणाली, "सिस्टर, तुमचं ऑपरेशन फसलं. तेवढं सगळ्यांना सांगा, म्हणजे माझी सुटका होईल."

नर्सबाईनं कपाळाला हात लावला. "फसलं नाही गं. नस बांधली तरी आधीचं जे आत साठलेलं असतं ते तीन महिने राहतं. तेवढे दिवस जपायचं असतं. मी त्याला चार वेळा सांगितलं. पिशवी भरून निरोध दिले होते."

"कसली पिशवी?"

"तुला दाखवली नाही त्यानं?"

पिशवी थोरलीनं पाहिली नव्हती. तीन महिन्यांचं नाव ऐकलं नव्हतं. झालं काम, बिनघोर राहा.

नर्सबाईनं हळू आवाजात विचारलं, "हे ठेवायचं नसेल तर अजून वेळ आहे. तुझ्या अंगात रक्त नाही, त्यामुळे इथं कुणी हात लावणार नाही. मोठ्या दवाखान्यात मी सोबत येते. येतेस?"

"आता गेले तर काय म्हणतील, सिस्टर? पाप धुऊन आली म्हणतील. मग मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

नर्सबाई तडक शेडमध्ये गेली आणि सगळ्यांसमोर सासूला समजावून सांगितलं. सासूनं हात झटकले. "तुम्ही तर असंच म्हणणार. तुमचा तो धंदा आहे. खरं असेल तर तपासून दाखवा."

"आता तपासून काय उपयोग? आता तीन महिने होऊन गेलेत. आता तपासणी चांगलीच येणार. तेव्हा काय होतं ते आता कसं कळेल?"

"म्हणजे घाबरता!"

"आणि हे उस्ताद इथं उभेच आहेत की," नर्सबाई त्याच्याकडे वळली. "सांगा ना तुमच्या आईला. मी तीन महिन्यांचं सांगितलं होतं की नव्हतं? पिशवी दिली होती की नव्हती?"

सगळ्यांच्या नजरा उस्तादवर गेल्या. त्यानं हातातली काडी उलटसुलट करून पाहिली. "त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं," तो म्हणाला. "मला काही आठवत नाही."

नर्सबाईचा चेहरा उतरला. थोरलीच्या मनात आलं, हा माणूस दहा वर्षांपूर्वी कुठल्या झाडाची काडी कुठल्या खुंटावर बांधली ते सांगायचा. याला आठवत नाही?

तपासणीला मात्र उस्ताद लगेच तयार झाला. इतका लगेच, की सासूलाच कौतुक वाटलं. दवाखान्यातून निरोप आला, सगळं साफ आहे, एकही जंतू नाही. ऑपरेशन अगदी पक्कं. झालं, शेडमध्ये निकाल लागला. नर्सबाई कोकलून सांगत राहिली की आज साफ आहे म्हणजे तेव्हा साफ होतं असं नाही, पण ते ऐकायला थांबतंय कोण?

आणि गंमत बघा. या सगळ्यात कुणाचा फायदा झाला असेल तर तो शिबिराचा. दीर चाळणीवर माती ओतता ओतता चारचौघांत म्हणाला, "काम एकदम खात्रीचं आहे बरं का. दादाची तपासणी झाली, एकही जंतू नाही. येत्या गुरुवारी गाडी आहे, मी तर बसणारच." लगेच आणखी दोघे म्हणाले, आमचंही सांगा सिस्टरना. जोपर्यंत थोरली बदफैली होती तोपर्यंत ऑपरेशन चांगलं होतं. जिच्या अब्रूवर ही जाहिरात चालली होती ती त्याच चाळणीपलीकडे पिशव्यांत माती भरत होती आणि सगळं ऐकत होती.

आता तिला कलमाला हात लावू देत नव्हते. जेवायच्या सुट्टीत तिच्याजवळ कुणी बसत नसे. एकटी धाकटी डबा उचलून यायची, तिच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि मोठ्यानं म्हणायची, "ताई, तुझ्या डब्यातलं वाढ गं मला." सासू डोळे वटारायची. धाकटी खुशाल वाढून घ्यायची.

शनिवारी सकाळी सासूनं फर्मान काढलं. "सोमवारी हिचा भाऊ येतोय. निरोप गेलाय. कपडे बांधून ठेव. पोरं इथंच राहतील."

"पोरं?" थोरलीनं विचारलं. "तान्ही अजून अंगावर पिते, आई."

"वरच्या दुधाची सवय होईल."

उस्ताद शेजारीच दात घासत होता. त्यानं चूळ भरली आणि बाहेर थुंकली.

त्या दिवशी पाणी घालणारा बाप्या आला नव्हता, म्हणून मुकादमानं थोरलीला झारी देऊन जाळीघरात धाडलं. पार शेवटच्या कोपऱ्यात उस्तादचा स्वतःचा वाफा होता. तिथं दुसरं कुणी जात नसे. तो कुणाला जाऊ देत नसे. कलमं मरतात म्हणायचा, नजर लागते म्हणायचा. झारी घेऊन ती तिथवर गेली आणि थांबली.

लिंबाची कलमं ओळीनं उभी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी. पण या टोप्या मालक देतो त्या प्लॅस्टिकच्या नव्हत्या. पांढुरक्या, मऊ, रबराच्या, तोंडाशी वळी असलेल्या. काही कलमांना आत कोंब फुटले होते आणि त्या कोंबांनी रबर वर ढकललं होतं. तिनं एक टोपी बोटांनी चाचपली. चार पोरांची आई होती ती, काय आहे ते कळायला तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

पाठीमागून पावलं वाजली. उस्ताद धावत आला होता.

"पाणी मी घालतो. तू जा."

"हे काय आहे?"

"कुठं काय?"

"हे! हे काय घातलंय लिंबांना?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. "हळू बोल. टोप्या संपल्या होत्या गं. मालक आणून देईना, आणि काड्या तासून झालेल्या, फुकट गेल्या असत्या. जगलेल्या कलमाचीच मजुरी मिळते. मग म्हटलं, हे पडून आहे पिशवीत. धुतले, पुसले, चढवले. एक कलम मेलं नाही बघ."

"कलम मेलं नाही," ती म्हणाली.

"तसं नाही गं..."

"सिस्टरनं तीन महिन्यांचं सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं. पण मला वाटलं, त्या घाबरवतात. एकदा कापलं ते कापलं. मी काय पोर आहे?"

"मग तेव्हा का नाही बोललात? आई विचारत होती, सिस्टर विचारत होत्या. आठवत नाही म्हणालात! माझी पोरं काढून घेतात माझ्याकडून आणि तुम्ही चूळ भरता?"

उस्ताद एकदम खाली बसला. वाफ्याच्या कडेला, उकिडवा. "हसतील गं मला," तो म्हणाला, आणि खरंच त्याचे डोळे भरले. "आधीच किती हसले. बायकांच्या गाडीतून गेलो तेव्हा हसले. आता हे कळलं तर जगू देणार नाहीत. तू थोडे दिवस माहेरी जा. आई निवळली की मी स्वतः येतो न्यायला. कुणाला काही सांगायची गरजच पडणार नाही."

"आणि तोवर मी कुणाची?"

तो वाफ्यातली माती बोटानं उकरायला लागला.

"तुम्हाला हसतील म्हणून मी ट्रॅक्टरवाल्याची व्हायचं? ज्यानं तापलेल्या पोरीला ट्रॉलीत जागा दिली त्याची? दोन घोट पाणी पिऊन विचार करा आणि सांगा." तिनं झारी खाली ठेवली. "आज जेवायच्या सुट्टीत सगळे बसतील. तुम्ही उभं राहायचं आणि बोलायचं. नाही बोललात तर यातला एक क्रेट मी डोक्यावर घेऊन शेडमध्ये येते. मग मी बोलेन. माझ्या तोंडून काय काय निघेल ते मला आत्ता सांगता येत नाही."

जेवायच्या सुट्टीत उस्ताद उभा राहिला. आधी नुसता उभाच राहिला, मग खाकरला. मुकादमाला वाटलं, मजुरीचं काही भांडण आहे. उस्ताद बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेला नाही. "मोठ्यानं!" असं मागून कुणीतरी ओरडलं. मग त्यानं मोठ्यानं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या ते खरं आहे. तीन महिने जपायला सांगितलं होतं. पिशवी दिली होती. ती मी वापरली नाही. पोटात आहे ते माझं आहे.

"मग पिशवीचं काय केलंत?" मुकादमानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

उस्तादनं बायकोकडे पाहिलं. ती नजर हटवेना. "लिंबांना घातले," तो म्हणाला.

काही वेळ कुणाला अर्थच लागला नाही. मग चाळणीवाल्यांपैकी एकाला लागला. तो हातातला घास ठेवून असा हसला की त्याला ठसका लागला, आणि त्याला ठसका लागला म्हणून बाकीचे हसले. दोघे उठून जाळीघराकडे पळाले आणि तिथून त्यांच्या आरोळ्या यायला लागल्या. "अरे, या बघा, पाचवी ओळ पूर्ण सुरक्षित!" "या लिंबांना बिया नाही धरायच्या!" बायकासुद्धा पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मुकादम डोळे पुसत म्हणाला, "उस्ताद, बायकोपेक्षा लिंबाची काळजी जास्त!" उस्ताद मान खाली घालून उभा होता. थोरलीला हसू आलं नाही आणि त्याची दयाही आली नाही. तिला फक्त वाटलं की आता आपण बसू शकतो, म्हणून ती बसली.

सासू एकटी हसली नव्हती. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि मुलाला म्हणाली, "मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय जीभ झडली होती?" सुनेला ती काही म्हणाली नाही. संध्याकाळी मात्र सोमवारी येऊ नको म्हणून सुनेच्या भावाला निरोप धाडला आणि थोरलीची सुरी तिच्या जागेवर परत आणून ठेवली. माफी यापेक्षा मोठी तिच्याकडे नव्हती.

रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं म्हणून मालकानं स्वतः उभं राहून त्या टोप्या काढायला लावल्या. कलमं तरारून आली होती. उस्तादला आता कुणी उस्ताद म्हणेना. सगळे टोपीवाला म्हणायला लागले, आणि ते नाव त्याला जन्मभर पुरणार असं दिसत होतं. तरी एक झालं. सिस्टर म्हणाल्या होत्या तसं मोठ्या दवाखान्यात जायचं, हे ठेवायचं नाही, असं थोरलीनं ठरवलं, तेव्हा "मी येतो सोबत" असं तो आपणहून म्हणाला. कुणीही काहीही म्हणो.

गुरुवारी शिबिराची गाडी फाटकाशी आली. नर्सबाई आधी उतरली आणि पुरुषांना शोधायला लागली. एकही दिसेना. शेवटी चाळणीमागं तिला दीर सापडला.

"काय रे, तुझी जागा ठेवलीय मी गाडीत."

"माझं नाही जमत, सिस्टर."

"का?"

"का म्हणजे? दादानं कापून घेतलं, तरी वहिनीला दिवस गेलेच ना? आणि वर आयुष्यभराचा टोपीवाला झाला. तीन महिने टोप्याच घालायच्या तर कापायचं कशाला?"

"अरे, तपासणी साफ आली होती ना त्याची? तूच सांगत होतास सगळ्यांना!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती? ऑपरेशन तेच आहे!"

"ते सगळं ठीक आहे हो," दीर हसत म्हणाला, आणि बाकीचे दोघेही चाळणीमागून हसले. "माझ्या बायकोला न्या. ती तयार आहे केव्हाची."

धाकटी गाडीत चढली. चढण्याआधी तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, थोरलीकडेही पाहिलं नाही. नेहमीसारखी बायकांनी भरून गाडी निघाली. पुरुष फाटकाशी उभे होते. "नीट जा हं," कुणीतरी म्हणालं.

ऊन कलायच्या आत धाकटी चालतच परत आली. अंगात रक्त नाही. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि परत पाठवलं. तिनं चपला शेडबाहेर काढल्या, तोंडावर पाणी मारलं आणि थोरलीशेजारी येऊन बसली. थोरलीनं तिच्यापुढं काड्या सरकवल्या. बराच वेळ दोघी बांधत राहिल्या.

"मी बोलू का भावोजींशी?" थोरलीनं शेवटी विचारलं. "ह्यांना सांगते बोलायला. सिस्टर पुन्हा येतील. पुढच्या शिबिराला..."

"नको. आता नाही जाणार ते. मी ओळखते त्यांना." धाकटीनं पट्टी दातांत धरून ओढली आणि गाठ मारली. "तू बोलायला लावलंस ते बरोबर केलंस, ताई. तुझ्या जागी मी असते तर मीही लावलं असतं."

"मग अशी का बोलतेस?"

धाकटीनं पुढचा खुंट घेतला आणि मधोमध चिरला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात थांबला नाही.

"गुरुवारपर्यंत थांबली असतीस तर," ती म्हणाली. "गुरुवारी ते बसले असते गाडीत."

"सोमवारी मला घालवून देणार होते गं. पोरं ठेवून."

"मला माहीत आहे," धाकटी म्हणाली, आणि काडी तासायला लागली.